दोन केसपेपर, एक माणूस: शुगर, बीपी, हृदयविकार आणि मन यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. आठवड्यातले काही दिवस माझ्या खोलीत बसते, उरलेले दिवस मधुमेहाच्या ओपीडीत, डॉक्टरांच्या शेजारच्या टेबलावर. ज्या माणसाला शरीराचा जुना आजार आहे आणि मनाचाही आहे, त्याचं नेमकं काय होतं आणि त्याला मदत कशी करावी, हा माझ्या संशोधनाचा विषय. खालचे प्रश्न मला पेशंटनी, त्यांच्या घरच्यांनी आणि काही डॉक्टरांनीही विचारलेले आहेत. बरेचसे निघता निघता, दाराच्या कडीवर हात ठेवून. खरं दुखणं माणसं बहुतेक वेळा तिथेच बोलतात. उदाहरणांतले तपशील कुणी ओळखू येऊ नये म्हणून बदलले आहेत.

तुम्ही डॉक्टर आहात का? गोळ्या देता का?

गोळ्या मी लिहून देत नाही. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे एमबीबीएस करून पुढे मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. औषधं ते देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्र शिकतो, रुग्णालयात प्रशिक्षण घेतो, चाचण्या करतो, निदानाला हातभार लावतो आणि बोलण्यातून, सरावातून उपचार करतो. आमची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. 'समुपदेशक' ही पाटी मात्र आपल्याकडे कुणीही लावतो, म्हणून नोंदणी क्रमांक जरूर विचारा. मला कुणी विचारला तर बरं वाटतं.

शरीराचा आणि मनाचा आजार 'एकत्र' म्हणजे काय? दोन्ही एकाच वेळी असतात, एवढंच ना?

एवढंच असतं तर काम सोपं होतं. तासगावकडच्या एक आक्का आठवतात. बारा वर्षांची शुगर. प्लास्टिकच्या पिशवीत दोन फायली. एका फाईलमध्ये तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ९.८ टक्के, आणि त्याआधीच्या तीन भेटींत तीनदा वाढवलेला गोळ्यांचा डोस. दुसऱ्या फाईलमध्ये, वेगळ्या दवाखान्याच्या, 'झोप नाही, भूक नाही, रडू येतं' असं लिहिलेलं. पहिल्या फाईलमध्ये झोपेचा शब्द नाही, दुसऱ्या फाईलमध्ये शुगरचा नाही. दोन्ही फायली एकाच पिशवीत, एकाच बाईच्या हातात, आणि एकमेकींशी त्यांची ओळख नाही.

मी विचारलं, "आक्का, संध्याकाळची गोळी घेता का?" म्हणाल्या, "संध्याकाळी जेवतच नाही, तर गोळी कशाला घेऊ?" थोरला मुलगा वेगळा राहायला गेल्यापासून रात्रीचा स्वयंपाक त्यांनी सोडून दिला होता. चहा-बिस्किटावर रात्र काढायच्या. गोळी न घेतल्यामुळे साखर वाढत होती, साखरेमुळे रात्री चारचारदा उठावं लागत होतं, झोपमोडीमुळे दिवसभर अंग गळालेलं, आणि गळालेल्या अंगाने कुणाला स्वयंपाक करावासा वाटेल? डॉक्टर वाढवत होते तो डोस पिशवीत पडून होता. एकत्र म्हणजे हे. एक आजार दुसऱ्याला दाणापाणी घालतो.

आपल्या भागात ही गोष्ट जास्त ठळक दिसते, असं मला वाटतं. मिरजेला वैद्यकीय सेवेची शंभराहून जास्त वर्षांची परंपरा आहे. कर्नाटकातूनही माणसं रेल्वेने इथे उपचाराला येतात. एका रस्त्यावर हाडांचे, हृदयाचे, किडनीचे, डोळ्यांचे डॉक्टर मिळतात. प्रत्येक जण आपल्या अवयवाचं काम चोख करतो. सगळे अवयव जोडून जो माणूस उभा आहे, त्याचा केसपेपर मात्र कुणाकडेच नसतो.

मग शुगरमुळे मन बिघडतं की मनामुळे शुगर वाढते?

दोन्ही बाजूंनी रस्ता चालू आहे. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट आढळतं, आणि नैराश्य असलेल्यांना पुढे मधुमेह होण्याची शक्यताही वाढलेली दिसते. असं का होतं, याच्या तीन वाटा तरी मला समजावून सांगता येतात.

पहिली वाट हार्मोन्सची. सतत ताणाखाली असलेलं शरीर कॉर्टिसॉल जास्त सोडतं. कॉर्टिसॉलचं एक काम म्हणजे यकृताला साखर सोडायला लावणं, म्हणजे पळायची किंवा लढायची वेळ आली तर इंधन तयार असावं. वाघ मागे लागला असेल तर ते उपयोगी. पण सोसायटीचं कर्ज, कोर्टातली बांधाची केस, लग्नाला आलेली मुलगी हे वाघ रोजचे आहेत आणि पळून जायला जागा नाही. सोडलेली साखर रक्तातच फिरत राहते आणि इन्सुलिनचा असरही कमी होतो.

दुसरी वाट शरीरात मंदपणे चालू राहणाऱ्या दाहाची, म्हणजे इन्फ्लमेशनची. मधुमेह, लठ्ठपणा, हृदयविकार यांत असा दाह सापडतो आणि नैराश्याच्या बऱ्याच पेशंटमध्येही त्याच्या खुणा मिळतात. यात कारण कोणतं आणि परिणाम कोणता, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही.

तिसरी वाट रोजच्या वागण्याची, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण तिथे आपल्याला हात घालता येतो. मन खचलेला माणूस चालायला जात नाही, भाजी चिरत बसत नाही, गोळी विसरतो, सिगारेट वाढवतो, तपासणीची तारीख चुकवतो. घरचे म्हणतात 'पथ्य पाळत नाहीत, हट्टी आहेत'. हा हट्ट मी जवळून पाहिला आहे. बहुतेकदा तो हट्ट नसतोच. जगण्यातला रस आटला की पथ्य तरी कशासाठी पाळायचं, हा प्रश्न त्या माणसाला आतून पडलेला असतो.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. तरी छाती धडधडते, डोकं जड होतं, हातपाय गळतात. मी सोंग करतेय असं घरच्यांना वाटतं.

तुम्ही सोंग करत नाही. तुम्हाला होतंय ते खरंच शरीरात होतंय. मन घाबरलं की हृदय जोरात चालतं, स्नायू आखडतात, श्वास उथळ होतो, पोटात गोळा येतो. आपली भाषा हे आधीपासून जाणते. 'जीव खालीवर होतो', 'काळजात धस्स झालं', 'पोटात खड्डा पडला', 'हातपाय गळाले' असं आपण म्हणतो. मराठी माणूस मनाचं दुखणं शरीराच्या शब्दांत सांगतो, आणि ऐकणाऱ्याने ते तसंच ऐकलं पाहिजे.

पण दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल, डाव्या हातात, जबड्यात कळ जात असेल, दरदरून घाम फुटला असेल, तर 'टेन्शनचं असेल' म्हणून घरी बसू नका. सरळ दवाखान्यात जाऊन ईसीजी काढा. घाबरण्याचा झटका आहे हे ठरवायचा अधिकार ईसीजीनंतरचा. वयस्कर माणसांत, बायकांत आणि मधुमेहींमध्ये हार्ट अ‍ॅटॅक फारसं न दुखताही येऊ शकतो.

दुसरी गोष्ट शुगरच्या पेशंटसाठी. थरथर, घाम, धडधड, कासावीस होणं ही घाबरण्याची लक्षणं आहेत तशीच रक्तातली साखर एकदम कमी झाल्याचीही आहेत. घरात ग्लुकोमीटर असेल तर बोट टोचून बघा. आकडा ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. ग्लुकोमीटर नसेल तरी साखर घ्या. विट्याचे एक शिक्षक वर्षभर 'पॅनिक अ‍ॅटॅक'चे उपचार घेत होते. त्यांचे झटके रोज दुपारी जेवणाला उशीर झाला की येतात, हे त्यांच्या बायकोने वहीत लिहून आणलं तेव्हा उलगडलं. ती वही अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

मन उदास आहे म्हणून आलो, आणि तुम्ही आधी रक्त तपासायला सांगता. का?

थायरॉइड कमी असेल तर माणूस सुस्त, उदास, विसराळू होतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर जिना चढवत नाही आणि कशातच मन लागत नाही. बी-१२ कमी असेल तर हातापायाला मुंग्या, थकवा, चिडचिड. ही बी-१२ ची गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची आहे, कारण शाकाहारी घरांत ते कमी पडतंच, शिवाय शुगरसाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या मेटफॉर्मिननेही ते कमी होऊ शकतं. म्हणजे एका आजाराचं औषध दुसऱ्या आजारासारखं दिसणारं काहीतरी तयार करतं. रात्री जोरात घोरत असाल आणि दिवसा पेंगत असाल तर झोपेत श्वास अडकतो का, हेही बघायला हवं. स्टिरॉइड चालू असतील तर त्यांनीही मूड हलतो. हे सगळं तपासल्याशिवाय 'नैराश्य' हा शब्द मी कागदावर लिहीत नाही.

तो नऊ प्रश्नांचा कागद भरून घेता, त्यावरून कसं कळतं?

तो पीएचक्यू-९, नैराश्य चाचपायची प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांत काय काय झालं याचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. साधारण १० किंवा त्याहून जास्त आले तर पुढे नीट तपासायचं.

सांगलीकरांना मी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचं उदाहरण देते. पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. पातळी बघून आपण सामान वर चढवतो, पण कुणाच्या घरात नक्की किती पाणी शिरणार हे फुटपट्टी सांगत नाही. कागदावरच्या दहा गुणांचंही तसंच. तो इशारा आहे. निदान समोर बसून बोलल्यावर होतं.

शरीराचा आजार असलेल्यांत एक अडचण आणखी येते. नऊपैकी थकवा, झोप, भूक हे प्रश्न शुगर किंवा किडनीच्या आजारानेही 'हो' होतात. म्हणून मी नेहमी पहिल्या दोन प्रश्नांवर थांबते: मन उदास राहतं का, आणि पूर्वी आवडायच्या गोष्टींत रस वाटतो का. डायलिसिसवरच्या माणसाला थकवा असणारच. पण नातू मांडीवर आला तरी काहीच वाटत नाही असं तो म्हणाला, तर ते किडनीमुळे नव्हे.

मला नैराश्य वगैरे नाही. मला फक्त या शुगरचा वैताग आलाय. हाही आजार का?

आजार नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. इंग्रजीत याला डायबिटिस डिस्ट्रेस म्हणतात आणि ते मोजायला पेड नावाची वीस प्रश्नांची वेगळी प्रश्नावली आहे. रोज बोट टोचणं, लग्नात जेवताना शेजारच्या मामांचं 'तुला चालतंय का हे?', आमरसाच्या पंगतीत सगळ्यांच्या नजरा आपल्या वाटीवर. साताऱ्याहून पाहुणे आले की कंदी पेढ्यांचा बॉक्स येतो आणि घरातली सगळी माणसं एकदम पोलीस होतात. या वैतागाला गोळी लागत नाही. पथ्याची उद्दिष्टं छोटी करावी लागतात, डॉक्टरांशी मोकळं बोलावं लागतं, आणि बऱ्याचदा घरच्यांना पहारा कमी करायला सांगावं लागतं. अर्धा पेढा सगळ्यांसमोर खाल्लेला बरा. चोरून चार खाल्ले जातात ते पहाऱ्यामुळे.

हार्ट अ‍ॅटॅकनंतर वडील गप्प गप्प असतात. वयामुळे असेल ना?

आधी तपासून घ्या, मग वयावर घाला. हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या साधारण पाचांतल्या एकाला मोठ्या स्वरूपाचं नैराश्य येतं. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये नॅन्सी फ्रेझर-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवून दिलं की अ‍ॅटॅकनंतर ज्यांना नैराश्य होतं, त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त होतं. त्यानंतर हृदयाचे डॉक्टर या प्रश्नाकडे गांभीर्याने बघू लागले.

आता यातली अर्धी बाजूच सांगून थांबणं मला पटत नाही. नैराश्यावर उपचार केले की मृत्यू कमी होतात का, हे बघायला अमेरिकेत मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये आले. उपचारांनी मन सुधारलं, पण मृत्यूंच्या आकड्यात फरक पडला नाही. म्हणून 'मन बरं केलं की हार्ट बरं होईल' असं वचन मी कुणाला देत नाही. वडिलांची उरलेली वर्षं भिंतीकडे तोंड करून जाऊ नयेत, एवढं कारण मला उपचारासाठी पुरतं.

डॉक्टरांनी पायाच्या जळजळीसाठी गोळी दिली. मोबाइलवर बघितलं तर ती डिप्रेशनची निघाली. मला फसवलं का?

हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा येतो, आणि रागातच येतो. अमिट्रिप्टिलिन आणि ड्युलोक्सेटिन ही औषधं नैराश्यासाठी वापरतात आणि मधुमेहाने नसा खराब होऊन होणाऱ्या जळजळीवरही चालतात. वेदनेचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या वाटेवर ती काम करतात. अमिट्रिप्टिलिन जळजळीसाठी बरंच कमी डोसमध्ये देतात. तुम्हाला कुणी फसवलं नाही, पण देताना दोन वाक्यं सांगायला हवी होती, हे तुमचं म्हणणं रास्त आहे. हृदयाचा त्रास असेल तर अमिट्रिप्टिलिन चालू करण्याआधी डॉक्टरांना तो आवर्जून सांगा.

मनाच्या गोळ्यांनी भावाचं वजन वाढलं, आता शुगरही निघाली. गोळ्या बंद करू का?

स्वतःहून बंद करू नका. ही विनंती मी हात जोडून करते. स्किझोफ्रेनियासारख्या आजारातली गोळी एकदम थांबवली की आजार उलटतो, आणि दुसऱ्यांदा सावरायला जास्त वेळ लागतो.

तुमची काळजी मात्र शंभर टक्के खरी आहे. ओलान्झापिन, क्लोझापिन यांसारख्या औषधांनी भूक आणि वजन वाढतं, साखर आणि चरबी वाढते. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातले बरेच मृत्यू हृदयविकार, मधुमेह, श्वसनाचे आजार अशा टाळता येण्यासारख्या कारणांनी होतात. मला या आकड्याचा त्रास होतो. 'वेडा आहे' म्हणून त्याच्या छातीत दुखण्याकडे कुणी बघतच नाही, असं मी पाहिलं आहे.

तेव्हा मागा काय? गोळी सुरू होण्याआधी वजन, कमरेचा घेर, बीपी, उपाशीपोटीची साखर, कोलेस्टेरॉल यांची नोंद. पहिले तीन महिने दर महिन्याला वजन. तिसऱ्या महिन्यात पुन्हा रक्त, आणि पुढे वर्षातून एकदा तरी. वजन भराभर वाढत असेल तर सायकियाट्रिस्टशी औषध बदलण्याबद्दल बोला. पर्याय असतात.

टीबीच्या औषधांनी डोकं फिरतं म्हणतात, खरं का?

काही औषधांनी मनावर परिणाम होऊ शकतो. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत वापरतात त्या सायक्लोसेरिनने विशेषतः. भास, खूप निराशा, विचित्र वागणं दिसलं तर त्याच दिवशी टीबीच्या डॉक्टरांना कळवा, कोर्स मधेच सोडू नका.

दरवर्षी पावसाळ्यात आईचं बीपी वाढतं. याचा पुराशी संबंध असेल?

२००५, २०१९, २०२१. कृष्णाकाठच्या माणसाला ही सालं जन्मतारखांसारखी पाठ आहेत. माझ्याकडच्या कितीतरी पेशंटना जुलै-ऑगस्टमध्ये झोप लागत नाही. बातम्यांत 'कोयनेतून इतके क्युसेक' ऐकलं की रात्रीतून तीनदा उठून पाणी बघायला जातात. संकट होऊन गेल्यावर त्या ऋतूत, त्या वासाने, त्या आवाजाने शरीर पुन्हा सावध होणं हे ओळखीचं लक्षण आहे. झोप गेली की बीपी आणि साखर दोन्ही हलतात. शिवाय पुरात औषधं वाहून गेली, वीज गेल्याने फ्रिजमधलं इन्सुलिन खराब झालं, हा धक्काही लोकांच्या आठवणीत आहे.

म्हणून जूनमध्येच मी पेशंटबरोबर एक पिशवी भरते. पंधरा-वीस दिवसांच्या गोळ्या, प्रिस्क्रिप्शनचा मोबाइलमध्ये फोटो आणि त्याची कागदी प्रत, ग्लुकोमीटर, साखरेची पुडी. वीज नसेल तर इन्सुलिन हवाबंद पिशवीत घालून गार मडक्यात ठेवता येतं. पिशवी भरून दाराशी टांगली की कित्येकांची झोप सुधारते. आईला 'आता कुठे पूर येतोय' असं म्हणून गप्प करू नका. तिच्याबरोबर बसून पिशवी भरा.

नुसतं बोलून शुगर कमी होते का? पुरावा काय?

नुसत्या बोलण्याने साखरेवर होणारा परिणाम थोडा आणि अनिश्चित असतो. मनाचा आणि शरीराचा उपचार एका हाताखाली आणला तर चित्र बदलतं.

आपल्याच देशातला अभ्यास सांगते. 'इंडिपेंडंट' नावाचा. चार मधुमेह केंद्रांत नैराश्य आणि अनियंत्रित मधुमेह दोन्ही असलेले ४०४ पेशंट. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना वर्षभर एक समन्वयक दिला, जो डॉक्टर नव्हता. तो फोन करायचा, गोळ्या विचारायचा, मन विचारायचा, आणि ठरावीक दिवसांनी मधुमेहतज्ज्ञ व सायकियाट्रिस्ट त्याच्याबरोबर बसून पेशंटची यादी बघायचे. वर्षानंतर समन्वयकाची मदत थांबवली आणि आणखी एक वर्ष वाट बघितली. दोन वर्षांच्या शेवटी, नैराश्य निम्म्याने उतरलं आणि सोबत साखर, बीपी किंवा कोलेस्टेरॉल यांतलं एक तरी सुधारलं, असे पेशंट या गटात ७१.६ टक्के होते आणि नेहमीच्या उपचारांत ५७.४ टक्के. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं. यात नवं औषध एकही नव्हतं.

दुसरा अभ्यास गोव्यातला, २०१७ चा. १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ पेशंट. सामान्य शिक्षण झालेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून सहा ते आठ बैठकांत नैराश्यावर उपचार करवले, आणि फायदा झाला. सायकॉलॉजिस्ट मोजके आहेत, जत-आटपाडीला रोज जाणं मला शक्य नाही, म्हणून हा अभ्यास मला फार जवळचा वाटतो. आपल्या आशाताई आणि सिस्टर हे काम करू शकतील का, किती शिकवावं लागेल, त्यांच्या आधीच वाकलेल्या पाठीवर आणखी ओझं न टाकता कसं करायचं, हाच माझ्या संशोधनातला सध्याचा प्रश्न आहे.

त्या बैठकांत करता काय?

गोव्यातली पद्धत मीही वापरते. तिचं सूत्र असं की हुरूप येण्याची वाट बघायची नाही, छोटी कृती आधी करायची, हुरूप मागून येतो. एक निवृत्त अण्णा रोज सकाळी आमराईत फिरायला जायचे, ते बायपासनंतर बंद झालं. आम्ही 'रोज तासभर चाला' असं ठरवलं नाही. पहिल्या आठवड्यात फक्त चपला घालून फाटकापर्यंत. दुसऱ्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानातून पेपर आणणं. पाचव्या आठवड्यात ते आमराईच्या बाकावर जुन्या मित्रांत बसले होते. चालणं हृदयाला हवंच होतं, पण मला त्या बाकाचं मोल जास्त वाटतं. हृदयाच्या डॉक्टरांना आधी विचारून घेतलं होतं, हे सांगायला हवं.

घरचे म्हणतात बाहेरचं आहे, देवऋषीकडे चला.

देवाला जाऊन तुमचं मन शांत होत असेल तर जरूर जा. मी स्वतः गणपतीच्या देवळात जाते. पण गोळ्या बंद करायला सांगणारा, मारणारा, उपाशी ठेवणारा माणूस देवाचा नव्हे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी आयुष्य वेचलं तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून लागू आहे. नवरात्राचे उपवास करणार असाल तर आठ दिवस आधी डॉक्टरांना सांगा, इन्सुलिनचा हिशोब बदलावा लागतो.

मरून जावंसं वाटतं असं बाबा म्हणाले. विचारलं तर ते विचार वाढतील का?

विचारल्याने वाढत नाहीत. सरळ, शांतपणे विचारा: "बाबा, जीव द्यावा असं मनात येतं का?" बऱ्याचदा विचारणारं कुणी भेटलं म्हणून माणूस सैल होतो. उत्तर 'हो' आलं तर एकटं सोडू नका, फवारणीची औषधं आणि घरातला गोळ्यांचा साठा कुलपात ठेवा, आणि त्याच दिवशी दाखवा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. तातडी असेल तर १०८.

पोलीस केसच्या भीतीने लोक लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालतात, आणि त्याला शिक्षा नव्हे तर उपचार मिळावेत असं कायदा म्हणतो. इन्सुलिन घेणाऱ्यांच्या बाबतीत माझी डॉक्टरांनाही विनंती आहे की 'जीव द्यावा असं मनात येतं का' हा प्रश्न टाळू नका.

तुमच्या संशोधनात नाव दिलं तर गावात कळेल का?

नाही. नोंदीत नावाऐवजी क्रमांक असतो. अभ्यास सुरू करण्याआधी नैतिकता समितीची मंजुरी घ्यावी लागते. संमतीपत्र मराठीत असतं, वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर वाचून दाखवतो. घरी नेऊन विचार करा, सूनबाईंना दाखवा. मधेच 'नको' म्हणालात तरी तुमचे उपचार तसेच चालू राहतात. जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर अत्याचाराची गोष्ट पुढे आली तर मात्र मला गप्प बसता येत नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगते.

मी सांभाळणारी आहे. माझं कोण बघणार?

हा प्रश्न विचारायला तुम्हाला सहा भेटी लागल्या, सासूबाईंच्या फाईलच्या आडून. तुमचं बीपी शेवटचं कधी मोजलं? पाच मिनिटं माझ्याकडे बसा, तुमचाही केसपेपर काढू. आठवड्यातून एक दुपार नणंदेने किंवा दिरांनी यावं, हे त्यांना मी फोन करून सांगते. डॉक्टरकडून निरोप गेला की लोक ऐकतात, आणि या कामासाठी मला कुणी डॉक्टर समजलं तरी चालेल.

पहिल्या भेटीला काय आणू?

सगळ्या फायली, एकाच पिशवीत. गोळ्यांच्या पाकिटांसह, घेत नाही त्या गोळ्यासुद्धा. त्या जास्त आणा. चष्मा आणा, कागद भरायचा असतो. रक्त द्यायचं नसेल तर उपाशी येऊ नका. सोबत कुणी आलं तर बरं, पण पहिली वीस मिनिटं मी तुमच्याशी एकट्याशी बोलते.